खंडेनवमीची झाडलोट

शनिवार पेठेतल्या एका इमारतीत खाली वह्या-पेनांचं दुकान आहे, वर दातांचा दवाखाना आहे आणि या दोन्हींच्या मधल्या मजल्यावर जुन्या कागदपत्रांचं मंडळ आहे. मंडळात सात कपाटं, अकरा आजीव सभासद (त्यातले चार हयात), एक वासंतीबाई आणि एक नागोराव. ही शिरगणती वासंतीबाईंची. कोणी नवखा माणूस "मंडळात किती लोक काम करतात?" असं विचारून बसला, तर त्या ती अशी कपाटांपासून सुरू करायच्या.

नागोराव हिंगोलीकडचे. पंचवीस वर्षांपूर्वी पुण्याला आले आणि हडपसरच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले. संध्याकाळी क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकले. कारखाना बंद झाला तेव्हा कोणीतरी सांगितलं, पेठेत एका मंडळाला कॉम्प्युटर बघायला माणूस हवाय. बघायला म्हणजे नुसतं बघायला नव्हे, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद, बंद पडलेला पंखा, सभासदांच्या नातवंडांचे फॉर्म आणि वासंतीबाईंचा अर्धा चमचा साखरेचा चहा, सगळं त्यांनीच बघायचं. त्याला आता अकरा वर्षं झाली. पदवी नसल्यामुळे ते स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेत नसत. पण दोनशे पानी वहीत एकेक कमांड मराठी अक्षरांत लिहून काढून हा माणूस मंडळाचा लिनक्स सर्व्हर एकट्याने सांभाळत होता. पुण्यात याहून कमी येणारे लोक चांगल्या केबिनमध्ये बसतात.

वासंतीबाई एकोणऐंशी वर्षांच्या. मोडी वाचणं हे त्यांचं साठ वर्षांचं काम. जुन्या कागदांवरची, हात न उचलता लिहिलेली ती लिपी त्या सकाळचं वर्तमानपत्र वाचावं तशी वाचत. मंडळाकडचा शेवटचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, त्यांच्या हाती होता. पानं दोनशे एक्कावन्न. लिहिणारा कोण्या सरदाराकडचा कारकून आणि त्याचं अक्षर असं, की मोडीचे भले भले वाचक दोन ओळींत हात टेकत. "हा गृहस्थ बहुधा घोड्यावर बसून लिहायचा, आणि घोडाही अरबी असावा," असं बाई म्हणत आणि पुढची ओळ वाचत.

या रुमालाचे मूळ कागद आता नाहीत. ज्या घराण्याचे होते त्यांनी महिनाभर फोटो काढायला दिले, परत नेले आणि पुढे माळ्यावर वाळवीने खाल्ले. राहिले ते फोटो. ते सलिल नावाच्या एका विद्यार्थ्याने स्वतःच लिहिलेल्या प्रोग्राममध्ये साठवले होते. प्रोग्राम मात्र फार गुणाचा. काळ्या पार्श्वभूमीवर अक्षर पिवळं करायचा, सहापट मोठं करायचा, आणि हे सगळं सहा बटणांवर. बाईंना ती बटणं बोटांनीच पाठ होती. खोट एकच होती. फोटो त्या प्रोग्रामखेरीज दुसऱ्या कशातच उघडत नसत, आणि तो प्रोग्राम मंडळाच्या जुन्या सर्व्हरखेरीज दुसरीकडे चालत नसे. सलिल जर्मनीला गेला, संसाराला लागला, आणि प्रोग्रामचा मूळ मजकूर त्याच्या कुठल्यातरी जुन्या लॅपटॉपबरोबर भंगारात गेला.

बाईंचा उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता. डाव्यात इंजेक्शनं चालू होती. भाद्रपदात डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "दिवाळीपर्यंत बरं दिसेल. पुढचं मी सांगत नाही." बाईंनी मंडळात येऊन हिशेब मांडला. दोनशे बारा पानं झाली, एकोणचाळीस राहिली. रोज तीन पानं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून तेरा दिवसांत रुमाल संपतो आणि दिवाळीला आठवडा उरतो. "डॉक्टरांना त्यांचं काम करू दे, मी माझं करते," त्या म्हणाल्या. नागोरावांना त्या दिवसापासून त्या एकोणचाळीस पानांची बाईंपेक्षा जास्त काळजी लागली.

आणि घात त्यांच्याच हातून झाला.

खंडेनवमीला मंडळात पूजा असते. कपाटांना झेंडूची माळ, बाईंच्या भिंगाला आणि टाकाला हळदकुंकू, आणि कोपऱ्यातल्या सर्व्हरच्या लोखंडी डब्याला गंध-फूल. त्या दिवशी हत्यार पुसून-झाडून स्वच्छ करायचं आणि त्याला काम लावायचं नाही. नागोरावांच्या घरीही हेच होतं. त्यांची आई त्या दिवशी विळीसुद्धा धुऊन-पुसून पाटावर ठेवायची आणि घरात भाजी चिरली जात नसे.

पण यंदा लोखंडी डबा नव्हता. गेल्या वर्षी तो घरघरायला लागला, तेव्हा मंडळाचे चिटणीस दत्तप्रसाद यांनी एका एजन्सीला बोलावून जुना सर्व्हर जसाच्या तसा नव्या मशीनच्या पोटात उतरवून घेतला होता. याला व्हर्च्युअल म्हणतात. म्हणजे आत एक सर्व्हर चालतो, तो स्वतःला अजून तोच जुना डबा समजतो, पण हात लावावा असं काही नसतं. नव्या मशीनला कुंकू लावून नागोरावांचं समाधान होईना. खरं काम करणारा तो आतला. त्याला फूल वाहता येत नाही, पण विश्रांती तर देता येईल? तीनशे दिवस तो एकदाही बंद झाला नव्हता.

विश्रांतीआधी झाडलोट हवी. नागोरावांनी वही उघडली आणि नको असलेल्या गोष्टी काढून टाकायची कमांड दिली. सर्व्हरने त्रेसष्ट नावांची यादी दाखवली आणि विचारलं, काढू का? नागोरावांनी वरची तीसेक नावं वाचली. सगळी जुनीपानी वाटली. त्यांनी होकार दिला. आहे त्या अवस्थेची एक नक्कल आधी करून ठेवायची सोय होती, एका क्लिकचं काम होतं. पण केर काढण्याआधी घराची नक्कल कोण करून ठेवतो? त्यांनी सर्व्हर बंद केला आणि काळ्या स्क्रीनला हात जोडले. बाई खुर्चीतून बघत होत्या. "नैवेद्य कुठे दाखवणार?" त्यांनी विचारलं.

दसरा गेला. दुसऱ्या दिवशी साडेदहाला बाई आल्या, बरोबर त्यांची भाची श्रद्धा. बाई सांगत आणि श्रद्धा टाइप करी. नागोरावांनी सर्व्हर चालू केला. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर गेल्या. मग स्क्रीन काळी झाली, एकदा लुकलुकली, पुन्हा काळी. तीनदा असं झालं आणि शेवटी खाली एक रेघ नुसती उघडझाप करत राहिली.

"होईल, बाई. पाच मिनिटं."

पाच मिनिटांचे बारा दिवस झाले.

सर्व्हर जिवंत होता, हेच वाईट होतं. पांढऱ्या अक्षरांत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं तो उत्तर देत होता. तारीख सांगत होता, फायली मोजून दाखवत होता. नुसती चित्रांची बाजू, जिच्यावर खिडक्या उघडतात आणि माउस फिरतो, ती उभी राहायला गेली की कोसळत होती. नागोरावांनी नोंदवही उघडली. सर्व्हर स्वतःच्या पडझडीची ती नोंद स्वतःच ठेवतो. सातशे ओळी वाचल्यावर खाली सापडलं: एकही स्क्रीन सापडली नाही. समोर चोवीस इंची स्क्रीन ठेवलेली होती.

संध्याकाळपर्यंत त्यांना कळलं. काढलेल्या त्रेसष्ट नावांत बेचाळिसावं नाव होतं त्या व्हर्च्युअल स्क्रीनच्या ड्रायव्हरचं, म्हणजे स्क्रीनवर चित्र आणणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं. चालू होता तोवर सर्व्हरच्या डोक्यात तो होता, म्हणून काही बिघडलं नाही. बंद केला आणि गेला. दत्तप्रसादांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आपोआप काहीतरी झालंय, साहेब."

ड्रायव्हर परत घालायचा तर तो आणायचा कुठून? सर्व्हर चालवणारी ही लिनक्स प्रणाली इतकी जुनी, की तिचं सामान जिथून यायचं ती जागा कधीच बंद झाली होती. एजन्सीला फोन केला. "आम्ही कॉपी सहा महिनेच ठेवतो, सर," पलीकडची मुलगी म्हणाली, "दिवाळीनंतर माणूस पाठवू का?" मंडळाचा स्वतःचा बॅकअप होता, पण तो फोटोंचा आणि वाचून झालेल्या मजकुराचा. फोटो दहा ठिकाणी सुखरूप होते, फक्त उघडत नव्हते. नागोरावांनी व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्रांची मेमरी वाढवली. नाही. साधा, कुठेही चालणारा ड्रायव्हर लावला. स्क्रीन उजळली, नागोरावांनी "आली!" म्हणून हाक दिली आणि ती हाक संपायच्या आत काळी झाली. दुसऱ्या मशीनवरून सर्व्हरला जोडून फक्त प्रोग्रामची खिडकी उघडून पाहिली. तीही अर्धी उघडून मिटली. झाडलोटीत तिचंही काहीतरी गेलं होतं.

चौथ्या दिवशी सलिलला फोन लागला. जुन्या माणसाचा आवाज ऐकून तो खूश झाला. "ओ नागोराव, तो सर्व्हर अजून चालूये? सीरियसली? मला वाटलं, कोणीतरी रीप्लेस केला असेल." त्याने तीन उपाय सांगितले. तिन्ही करून झाले होते. मग तो म्हणाला, "फ्रँकली, मी ते कसं लिहिलं होतं, मलाच आठवत नाही आता. सॉरी हां. बाई कशायत?" नागोराव म्हणाले, "समोरच बसल्यात." त्या बसलेल्याच होत्या.

बाई रोज येत. साडेदहाला यायच्या, काळ्या स्क्रीनसमोर बसायच्या, दीडला जायच्या. घरी थांबा म्हणून श्रद्धाने सांगून पाहिलं. "घरी मी काय करू? टीव्हीवर बायका एकमेकींना विष घालतात ते ऐकू?" पहिले चार-पाच दिवस त्यांची जीभ नेहमीसारखी चालली. नागोरावांनी सर्व्हर पुन्हा सुरू केला की त्या विचारायच्या, "आज काय मुहूर्त काढलाय?" नागोराव खाली मान घालून टाइप करत. त्यांना त्या बोलण्याचा राग येत नसे. उलट बाई बोलत होत्या तोवर त्यांना धीर होता. रोज संध्याकाळी हडपसरच्या बसमध्ये ते बोटं मोजत. तेरातले किती गेले, आठवड्यातले किती उरले. घरी दीपमाला, त्यांची बायको, ताट वाढून समोर बसायची आणि विचारायची, "झालं का वं चालू?" ते मान हलवायचे. "मंग सांगून टाका की त्या बाईला, माझ्या हातून झालं म्हणून. असं कुढत काहून बसता?"

सातव्या दिवशी बाई आल्या नाहीत. डोळ्यात इंजेक्शन होतं. आठव्या दिवशी आल्या त्या गॉगल लावून. नागोरावांनी श्रद्धा चहा आणायला जाईपर्यंत वाट पाहिली, आणि उभं राहून म्हणाले, "बाई, चूक माझी हाय. आपोआप काई झालं न्हाई. खंडेनवमीला मीच साफसफाई केली, त्यात गेलं." घाबरले की त्यांची गावाकडची बोली अशी वर येई.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही अकरा वर्षांत 'आपोआप' हा शब्द वापरला नव्हतात."

नागोराव पुढच्या बोलण्याची वाट बघत राहिले. पेठेत जन्म काढलेली बाई, आता सालटं काढणार. काढायलाच हवीत, असं त्यांना वाटत होतं. बाई एवढंच म्हणाल्या, "बसा. उभे राहून कोणाचं काही सापडत नाही." ही सौम्यता त्यांना सोसेना. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

नवव्या दिवशी स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी चाललेल्या असताना बाईंनी विचारलं, "हे आत्ता चालू आहे की बंद?" नागोरावांना तो टोमणा वाटला. "चालूच समजा, बाई," ते ओशाळून म्हणाले.

दहाव्या दिवशी परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाच्या साठ्यात त्यांना ती जुनी लिनक्स सापडली, अख्खी, तिच्या सगळ्या सामानासकट. त्रेसष्टच्या त्रेसष्ट नावं एकेक करून त्यांनी परत घातली. प्रत्येक नावापुढे वहीत बरोबरची खूण केली. आणि प्रत्येक टप्प्याला नक्कल काढली, आता इतकी काढली की मशीन भरत आलं. स्क्रीन उजळली. निळ्या रंगावर बाईंचं नाव आणि पासवर्डची चौकट आली. त्यांनी पासवर्ड घातला. स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि पुन्हा तीच चौकट. पुन्हा घातला, पुन्हा चौकट. पासवर्ड चुकीचा आहे असं तो म्हणत नव्हता. आत घेत होता आणि लगेच बाहेर सोडत होता, हे त्यांनी बाईंना बोलून दाखवलं.

"पुण्यात असंच असतं," बाई म्हणाल्या. "बेल वाजवली की दार उघडतात, बघतात आणि लावून घेतात." बऱ्याच दिवसांनी त्या असं काही बोलल्या म्हणून नागोराव हसले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

हेही त्यांचंच पाप निघालं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घाईघाईत त्यांनी सर्व्हरच्या मुख्य खात्यातून बाईंच्या फोल्डरमध्ये बसून चित्रांची बाजू चालू करून पाहिली होती. तेव्हा बाईंची एक बारीकशी फाइल मुख्य खात्याच्या मालकीची झाली. बाईंच्या नावाने आत जाणाऱ्याला ती फाइल हात लावू देत नव्हती. हे शोधायला दीड दिवस गेला. दुरुस्तीला एक ओळ लागली.

बाराव्या दिवशी, सकाळी पावणेअकराला, पासवर्ड घातल्यावर स्क्रीन काळी झाली आणि मग उघडली. खिडक्या आल्या. नागोरावांनी सलिलच्या प्रोग्रामवर क्लिक केलं. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी मोडी अक्षरं चोवीस इंच भरून उमटली.

"आलं, बाई. आलं!"

श्रद्धा त्या दिवशी दुपारी येणार होती. बाईंना रिक्षातून उतरवून ती बँकेत गेली होती. "मग तुम्हीच बसा टाइप करायला," बाई म्हणाल्या. नागोरावांनी शेजारचा किबोर्ड ओढून घेतला. अजून आठ दिवस आहेत दिवाळीला, ते मनात मांडत होते. रोज तीनऐवजी पाच पानं केली तर होतं. रविवारी यायचं. बाई थकल्या तर चहा जास्त.

बाईंनी गॉगल काढून ठेवला. डाव्या हाताने बटण चाचपून दोनदा दाबलं, अक्षर मोठं झालं. त्या स्क्रीनच्या अगदी जवळ सरकल्या, मान किंचित वाकडी केली आणि घसा साफ करून सांगायला लागल्या, "विनंती उपरी येथील क्षेम जाणोन स्वकीय लिहीत जावे. विशेष. तुम्हांकडील कारकून येथे पोहोचला, त्याणे जबानी सर्व मजकूर निवेदन केला..."

नागोराव टाइप करत होते. बाईंचा आवाज स्वच्छ होता, कुठे अडत नव्हता. इतकं भराभर त्या या कारकुनाला कधीच वाचत नसत. दर ओळीला थांबायच्या, त्याला दोन शिव्या द्यायच्या, मग पुढे जायच्या.

"अक्षर छान दिसतंय, नागोराव," मधेच थांबून बाई म्हणाल्या. "पूर्वीपेक्षा छान. चांगलं केलंत तुम्ही."

अकरा वर्षांत बाईंनी त्यांना कशालाच छान म्हटलं नव्हतं. नागोरावांनी सुखावून वर पाहिलं, बाईंकडे आणि मग स्क्रीनकडे. वरच्या कोपऱ्यात पानाचा आकडा होता. तिथे एक होता. प्रोग्राम नव्याने सुरू झाल्यामुळे तो पहिल्या पानावर उघडला होता. मोडी त्यांना येत नसे, पण पहिलं पान त्यांना चांगलं ठाऊक होतं. ती कापडाची यादी होती. एकाखाली एक नावं आणि समोर आकडे, उभ्या दोन ओळी. तिच्यात पत्र कुठेच नव्हतं.

बाई त्या यादीत डोळे रोखून पत्र सांगत होत्या. साठ वर्षांत हजारो पत्रं वाचलेली. त्यांचे मायने, त्यांचे शब्द त्यांना श्वासासारखे येत होते.

नागोरावांचे हात थांबले. कुठला दिवस होता तो? सातवा, इंजेक्शनचा? की त्याच्या नंतरचा? पाचव्या दिवशी स्क्रीन आली असती तर किती पानं झाली असती, हे त्यांच्या डोक्यात आपोआप मोजलं जाऊ लागलं आणि त्यांना ते मोजणं थांबवता येईना.

"थांबलात का?" बाईंनी विचारलं. मान वळवली नाही.

"नाही, बाई. बोला." त्यांनी आवाज होता तसा ठेवला. मग हळूच हात लांब करून प्रोग्राममध्ये आकडा घातला आणि स्क्रीनवर दोनशे तेरावं पान आणलं. कारकुनाचं ते वेडंवाकडं अक्षर काठापर्यंत भरून उभं राहिलं. बाईंच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"...तरी सत्वर उत्तर पाठवावे. बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे." बाई थांबल्या. हात मांडीवर ठेवले. "झालं पान. आणि हे बघा नागोराव, आजचं कच्च्यात ठेवा. पक्क्या फाइलीत घालू नका."

"बरं, बाई."

"श्रद्धाला सांगायचं कारण नाही. पुन्हा एकदा तपासावं लागेल मला."

"हो."

"पुढचं घ्या."

नागोरावांनी दोनशे चौदावं पान लावलं, कच्ची फाइल उघडून वर तारीख घातली आणि बाई सांगतील तसं लिहीत राहिले.